लिथियमचे माप

१९४९ च्या फेब्रुवारीत अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने वर्तमानपत्रांतून आणि रेडिओवरून लोकांना तातडीने बजावले : मिठाऐवजी वापरायची ‘वेस्टसाल’सारखी बाटली घरात असेल तर तिचा वापर आजच्या आज थांबवा. त्या बाटल्यांमध्ये लिथियम क्लोराइडचे द्रावण होते. ते चवीला खारट लागते आणि त्यात सोडियम नसते. एवढ्या दोन गुणांच्या जोरावर ते आजारी माणसांच्या ताटापर्यंत पोचले होते.

ही माणसे कोण होती हे नीट पाहायला हवे. रक्तदाबावर तेव्हा धड औषध नव्हते. हृदय थकलेल्या, पायांवर सूज आलेल्या रुग्णाला मीठ तोडायला सांगणे हा डॉक्टरांच्या हातातला मोठा उपाय होता. ड्यूक विद्यापीठात वॉल्टर केम्पनर रुग्णांना भात, फळे आणि साखर एवढ्यावरच ठेवत होते आणि कित्येकांचा रक्तदाब खरोखर उतरत होता. पण अळणी जेवण महिनोन्महिने गिळणे सोपे नसते. अशा माणसाला कोणी सांगितले की हे शिंपडा, चव मिठाची येईल आणि अपाय काही होणार नाही, तर तो ते आनंदाने शिंपडणारच.

काही आठवड्यांत हात कापू लागले. चालताना तोल जाऊ लागला, जीभ जड झाली, डोळ्यांपुढे अंधुक दिसू लागले, काही जण गुंगीत गेले आणि काही दगावले. क्लीव्हलंड क्लिनिकमधील कॉर्कोरन, टेलर आणि आयर्विन पेज यांनी मार्चमध्ये अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात या विषबाधेचा अहवाल छापला. बाजारातून माल उठला आणि अमेरिकन डॉक्टरांच्या मनात लिथियम हे विष म्हणून कायमचे नोंदले गेले. तो शिक्का पुसायला पुढची एकवीस वर्षे लागली.

हा पदार्थ ज्यांच्या हाती पडला, ती सगळी मुद्दाम मीठ सोडलेली माणसे होती. लिथियम अंगात साठण्यासाठी याहून अनुकूल शरीर शोधून सापडले नसते. तसे का, हे मात्र १९४९ साली पुरते उलगडलेले नव्हते. जॉन टॅलबट यांनी पुढच्याच वर्षी रुग्णांच्या रक्तातले लिथियम मोजून दाखवले आणि लिटरला एक मिलिमोलच्या आसपास सीमारेषा सुचवली. दोष पदार्थाचा जितका, तितकाच रक्तात तो किती उरला याचा, हा विचार त्यात होता. पण मिठाच्या बाटल्यांची बातमी जेवढी पसरली तेवढे हे मोजमाप पसरले नाही.

१९४९ मध्येच, ३ सप्टेंबरला, ऑस्ट्रेलियाच्या वैद्यकीय नियतकालिकात एक छोटासा लेख आला. लेखक होते जॉन केड, मेलबर्नजवळच्या बंडूरा येथील माजी सैनिकांच्या मनोरुग्णालयातले डॉक्टर. दुसऱ्या महायुद्धात साडेतीन वर्षे सिंगापूरच्या चांगी येथे जपान्यांच्या युद्धकैदेत काढून ते परतले होते. थायरॉइडचा स्राव वाढला की एक आजार होतो, घटला की दुसरा. तसाच उन्माद आणि नैराश्य हा एखाद्या द्रव्याच्या अतिरेकाचा आणि अभावाचा खेळ असेल, असा त्यांचा कयास होता. ते द्रव्य लघवीत उतरत असेल म्हणून ते उन्मादातल्या रुग्णांची लघवी गिनीपिगना टोचत. प्रयोगशाळा म्हणजे रुग्णालयातली एक रिकामी जुनी खोली. नमुने कधी घरच्या फ्रीजमध्येही ठेवलेले असत.

लघवीतल्या युरिक आम्लाचा काही हात आहे का हे पाहताना अडचण अशी आली की ते पाण्यात नीट विरघळत नाही. त्याचे लिथियमबरोबरचे लवण मात्र छान विरघळते. युरिक आम्लामुळे होणाऱ्या संधिवातावर लिथियम देण्याची पद्धत लंडनच्या आल्फ्रेड गॅरॉड यांनी १८५९ मध्ये याच गुणावरून सुचवली होती. केड यांनी लिथियम युरेट टोचले, मग खात्री करायला नुसते लिथियम कार्बोनेट. एरवी घाबरून धडपडणारे प्राणी दोनेक तासांत मंदावले. पाठीवर उताणे ठेवले तरी शांतपणे बघत राहिले. ते खरोखर शांत झाले होते की विषबाधेने मलूल पडले होते, यावर पुढे संशोधकांत पुष्कळ वाद झाला. रक्तातले प्रमाण मोजलेले नसल्यामुळे तो वाद मिटणे शक्यच नव्हते.

केड यांनी आधी स्वतः लिथियम घेतले. मग १९४८ च्या मार्चअखेरीस पहिल्या रुग्णाला दिले. हा एकावन्न वर्षांचा माणूस पाच वर्षे अखंड उन्मादात होता. वॉर्डातला सगळ्यांत त्रासदायक रुग्ण, घरी जाण्याची आशा सुटलेला. चार-पाच दिवसांत फरक दिसू लागला. तीन आठवड्यांत त्याला बरे होणाऱ्यांच्या वॉर्डात हलवले. जुलैमध्ये तो घरी गेला आणि जुन्या नोकरीवरही रुजू झाला. ज्यांनी उन्मादातला माणूस जवळून पाहिला आहे त्यांना या चार वाक्यांचे मोल वेगळे सांगायला नको.

पण पुढे काय झाले हे केड यांच्या गौरवाच्या लेखांत बहुधा गाळले जाते. त्या माणसाने घरी गेल्यावर गोळ्या सोडल्या. जानेवारी १९४९ मध्ये तो पुन्हा उन्मादात दाखल झाला. पुन्हा लिथियम सुरू, पुन्हा सुधारणा. मग उलट्या, थरथर, अशक्तपणा. औषध थांबवले की उन्माद परत, आणि दिले की विषबाधा. या ओढाताणीत मे १९५० मध्ये तो लिथियमच्या विषबाधेने मरण पावला. केड यांनी आपल्या रुग्णालयात लिथियमचा वापर थांबवला.

या मृत्यूचा ठपका केड यांच्यावर ठेवणे मला अन्यायाचे वाटते. डोस त्यांच्याकडे होता आणि निरीक्षण करणारे डोळेही होते. नव्हता तो एक आकडा. लिथियमच्या बाबतीत उपयोगी प्रमाण आणि घातक प्रमाण यांत जेमतेम दुपटीचे अंतर आहे. आज लिटरला ०.६ ते १.० मिलिमोल हा कामाचा पट्टा मानतात, १.५ च्या पुढे विषबाधेची लक्षणे दिसू लागतात आणि २ च्या पुढे जिवाला धोका संभवतो. दोन माणसांना एकसारखा डोस दिला तर एकाच्या रक्तात ०.४ आणि दुसऱ्याच्या रक्तात १.२ मिळू शकते. एवढेच नाही, त्याच माणसाच्या रक्तात जानेवारीत एक आणि मे महिन्यात दुसरे मिळू शकते. लक्षणांवरून अंदाज घ्यायचा तर लक्षणे यायच्या आत सीमा ओलांडलेली असते.

तो आकडा काढायचे साधन मेलबर्नमध्येच, काही मैलांवर, त्याच काळात तयार झाले. रक्तातला द्रव पातळ करून ज्योतीत फवारायचा आणि ज्योतीला आलेल्या रंगाची तीव्रता मोजायची. सोडियमची ज्योत पिवळी, लिथियमची किरमिजी लाल. बुन्सेन आणि किर्कहॉफ यांनी १८६० च्या सुमारास मूलद्रव्ये ओळखायला वापरलेली हीच युक्ती फ्लेम फोटोमीटर नावाच्या यंत्रात बसली. मेलबर्न विद्यापीठात जर्मनीहून आलेले एडवर्ड ट्राउटनर यांनी माँट पार्क मनोरुग्णालयातले चार्ल्स नोअॅक यांच्याबरोबर शंभराहून अधिक रुग्णांवर लिथियमचा वापर केला आणि १९५१ मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. अमेरिकेत विष ठरलेले, केड यांनी थांबवलेले औषध या दोघांनी सोडले नाही, कारण आता ते आंधळेपणाने द्यावे लागत नव्हते.

ट्राउटनर यांचे वेगळेपण त्यांच्या चिकाटीत आहे. किती लिथियम आत गेले, लघवीवाटे किती बाहेर पडले, शरीरात किती राहिले, याचा रोजचा ताळेबंद ते मांडत बसले. १९५५ मध्ये मॉरिस, नोअॅक आणि तरुण सॅम्युअल गर्शन यांच्याबरोबर त्यांनी तो छापला. त्यातून दिसले की उन्मादातला रुग्ण लिथियम अंगात धरून ठेवतो आणि मोठे डोस सहज पेलतो. उन्माद ओसरला की धरलेले लिथियम बाहेर पडू लागते आणि कालपर्यंत चालणारा डोस आज जास्त होतो. म्हणजे औषधाची रक्तातली पातळी ठरवणाऱ्या गोष्टींमध्ये खुद्द आजाराची अवस्थाही मोडते. बंडूराच्या त्या रुग्णाचे काय झाले असावे हे या ताळेबंदातून समजते असे मला वाटते. मनोविकारांच्या इतिहासात ट्राउटनर यांचे नाव केड यांच्या शेजारी यायला हवे. ते क्वचितच येते.

यानंतर गोष्ट डेन्मार्कला जाते. आरहूस शहराजवळच्या रिस्कोव येथील मनोरुग्णालयात एरिक स्ट्रोमग्रेन यांनी ऑस्ट्रेलियन लेख वाचून तरुण मोगेन्स स्कौ यांना या औषधाची शिस्तशीर परीक्षा घ्यायला सांगितले. स्कौ यांनी नाणे उडवून कोणाला लिथियम आणि कोणाला नुसती खोटी गोळी हे ठरवले, आणि सुरुवातीपासून फ्लेम फोटोमीटर हाताशी ठेवला. अडतीस रुग्णांचा तो अभ्यास १९५४ मध्ये आला. स्कौ यांच्या भावाला वारंवार नैराश्याचे झटके येत. पुढे लिथियमने ते थांबले. ग्लोस्ट्रुपचे पॉल ख्रिश्चन बास्ट्रुप यांना आढळले की लिथियम चालू ठेवलेल्यांना नवे झटकेच येत नाहीत. लंडनच्या ब्लॅकवेल आणि शेफर्ड यांनी १९६८ मध्ये ‘लॅन्सेट’मधून या दाव्यावर कडक टीका केली. डॅनिश मंडळींनी १९७० मध्ये उत्तर दिले ते प्रयोगाने. लिथियमवर स्थिर असलेल्या ८४ रुग्णांपैकी काहींचे औषध त्यांना आणि डॉक्टरांना नकळत बदलून खोटी गोळी दिली. पाच महिन्यांत खोट्या गोळीवरच्या ३९ पैकी २१ जणांना आजार उलटला. लिथियमवरच्या ४५ पैकी एकालाही नाही. त्याच वर्षी अमेरिकेने उन्मादासाठी लिथियमला परवानगी दिली आणि १९७४ मध्ये आजार उलटू नये म्हणून कायम घेण्यासाठीही.

औषध गुणकारी आहे हे ठरले. पण आता लाखो माणसे ते वर्षानुवर्षे घेणार होती. रुग्णालयात नव्हे, तर घरी, कामावर, आजारपणात, गरोदरपणात, म्हातारपणात. पातळी का हलते हा प्रश्न आता खरा निकडीचा झाला. त्याचे उत्तर स्कौ यांचे सहकारी क्लाउस थॉमसन यांनी मूत्रपिंडात शोधले.

लिथियमचे शरीरात पचन होत नाही. यकृत त्याला हात लावत नाही. प्रथिनांना ते चिकटत नाही. आत गेले तेवढे जवळजवळ सगळे मूत्रपिंडावाटेच बाहेर पडते. १९६८ मध्ये थॉमसन आणि स्कौ यांनी दाखवले की मूत्रपिंडाच्या गाळणीतून लिथियम मुक्तपणे उतरते, पण पुढच्या नळीच्या पहिल्याच भागात त्यातले सुमारे चार पंचमांश पुन्हा रक्तात ओढले जाते. हा भाग शरीरासाठी सोडियम आणि पाणी परत घेण्याचे काम करतो. लिथियम हे आवर्तसारणीत सोडियमच्या अगदी वरच्या घरातले. जुळ्या भावांपैकी एकाच्या जागी दुसरा आला तरी दारवानाला कळू नये, तसे इथे होते. सोडियमबरोबर लिथियमही आत घेतले जाते.

यातून दोन गोष्टी निघतात आणि पुढची पन्नास वर्षे जे काही कळले ते या दोनच गोष्टींचा विस्तार आहे. गाळणी मंदावली की लिथियम साठते. आणि शरीराला सोडियमची भूक लागली की नळी सोडियम ओढून घेताना लिथियमही ओढून घेते, त्यामुळेही ते साठते. १९४९ च्या त्या अमेरिकन रुग्णांचे कोडे इथे सुटले. अळणी जेवणाने त्यांची मूत्रपिंडे सोडियमचा कण न् कण वाचवत होती, वर कित्येकांचे थकलेले हृदय मूत्रपिंडाला पुरेसे रक्त पाठवत नव्हते, आणि अशा शरीरात रोज जेवणाबरोबर मोजमाप नसलेले लिथियम पडत होते. मीठ अचानक वाढवले तर उलट होते : लिथियम झपाट्याने निघून जाते आणि पातळी उतरते. म्हणून लिथियम घेणाऱ्याला कमी मीठ खा किंवा जास्त मीठ खा असे सांगत नाहीत. मिठाचे प्रमाण अचानक बदलू नका, एवढेच सांगतात.

मग एकेक औषध या हिशेबात बसू लागले. रक्तदाबावरच्या थायझाइड जातीच्या लघवी वाढवणाऱ्या गोळ्या नळीच्या पुढच्या भागात सोडियम घालवतात. शरीर त्याची भरपाई पहिल्या भागात करते आणि लिथियम पाव हिश्श्याने किंवा त्याहूनही जास्त चढते. सांधेदुखीवरच्या गोळ्या मूत्रपिंडातली प्रोस्टाग्लँडिन्स ही द्रव्ये दाबतात आणि लिथियम साठू लागते. सत्तरच्या दशकाच्या शेवटी इंडोमेथॅसिनबद्दल हे स्पष्ट झाले, १९८१ मध्ये डायक्लोफिनॅकबद्दल : निरोगी स्त्रियांवरच्या छोट्या अभ्यासात लिथियमची पातळी सुमारे २६ टक्क्यांनी वाढली. ॲस्पिरिनने मात्र असे होत नाही. रक्तदाबावरच्या एनालाप्रिलसारख्या एसीई इन्हिबिटर गोळ्या आल्या आणि त्याही या यादीत गेल्या.

एकेका प्रयोगात दिसलेल्या या गोष्टींचे प्रत्यक्षात काय होते, हे कॅनडाच्या ऑन्टारियो प्रांतातून २००४ मध्ये आले. लिथियम घेणाऱ्या १०,६१५ वृद्धांच्या नोंदी तपासल्या गेल्या. त्यांपैकी ४१३ जण केव्हा ना केव्हा लिथियमच्या विषबाधेने रुग्णालयात दाखल झाले होते. एसीई इन्हिबिटर सुरू केल्यानंतरच्या महिन्यात हा धोका साडेसातपट वाढलेला होता आणि फ्रुसेमाइडसारख्या गोळ्यांनंतर साडेपाचपट. थायझाइड आणि सांधेदुखीच्या गोळ्यांबाबत या नोंदींत ठळक वाढ दिसली नाही. त्यांच्याबद्दल डॉक्टरांना आधीपासून ठाऊक होते आणि ते जपून वागत असावेत, असा माझा तर्क आहे. ‘सुरू केल्यानंतरचा महिना’ हे शब्द मला या अभ्यासात सगळ्यांत महत्त्वाचे वाटतात. कायम चालणाऱ्या गोळीशी डोस जुळवून घेता येतो. नवी गोळी दुसऱ्याच डॉक्टरने दिलेली असते आणि त्याला लिथियमबद्दल कोणी सांगितलेले नसते, तिथे घात होतो.

काही निष्कर्ष मात्र अपेक्षेला धक्का देणारे निघाले. घाम आला की लिथियम चढणार असे सगळे धरून चालत. १९८२ मध्ये अमेरिकन संशोधक जेम्स जेफरसन आणि सहकाऱ्यांनी चार धावपटूंना आठवडाभर लिथियम देऊन वीस किलोमीटर पळवले. पातळी चढली नाही, उलट सुमारे वीस टक्क्यांनी उतरली. घामातून सोडियमच्या मानाने लिथियम जास्त जाते असे दिसले. यावरून उन्हाळा निर्धोक ठरत नाही. त्या धावपटूंची मूत्रपिंडे तरुण आणि धडधाकट होती. उन्हात दिवसभर पाणी न मिळालेल्या, वर जुलाबाने पिळून निघालेल्या माणसाची गाळणीच मंदावते, आणि घामावाटे गेलेले लिथियम त्या तुटीपुढे कमी पडते.

कॅफीनचा परिणामही असाच उशिरा ध्यानात आला. ते मूत्रपिंडातून लिथियम घालवायला मदत करते. १९९५ च्या एका अभ्यासात रोज चार ते आठ कप कॉफी पिणाऱ्या अकरा रुग्णांनी ती बंद केली, तेव्हा त्यांची पातळी सरासरी २४ टक्क्यांनी वाढली. म्हणजे एखाद्याने तब्येतीसाठी चांगली सवय लावून घेतली तरी त्याचे हात कापायला लागू शकतात. दमेकऱ्यांच्या थिओफायलीनचेही तसेच आहे. ते सुरू असताना पातळी उतरलेली राहते.

स्कौ यांनी साठच्या दशकाच्या अखेरीस लिथियम घेणाऱ्या मातांच्या बाळांची नोंदवही सुरू केली होती. पोटातल्या बाळाच्या काळजीतून ती निघाली. आईच्या रक्तातल्या पातळीचा नीट आलेख मात्र फार पुढे, २०१७ मध्ये डच संशोधकांनी काढला. गरोदरपणात मूत्रपिंडाची गाळणी वेगाने चालते. डोस तोच असला तरी पातळी पहिल्या तिमाहीत सरासरी २४ टक्के आणि दुसऱ्या तिमाहीत ३६ टक्के उतरते, आणि बाळंतपणानंतर पूर्वीच्याहून किंचित वर जाते. बाळंतपणानंतरचे पहिले आठवडे बायपोलर म्हणजे द्विध्रुवीय विकार असलेल्या स्त्रियांसाठी उन्मादाच्या दृष्टीने सगळ्यांत धोक्याचे. त्या आठवड्यांच्या आधीचे सहा महिने औषधाची पातळी बरीच उतरलेली असू शकते, हे घरच्यांना कोणी सांगितले नाही तर कळणार कसे?

आकडा हलवणाऱ्या गोष्टींची ही यादी वाढत असताना आणखी एका डॅनिश संशोधकाने आकडा घेण्याच्या रीतीकडेच बोट दाखवले. अमदी अमडिसेन यांच्या लक्षात आले की रक्त कधी काढले यावर निकालाचा अर्थ ठरतो. गोळी घेतल्यावर दोन-तीन तासांत पातळी शिखरावर असते, मग उतरते. कोणी सकाळची गोळी घेऊन येतो, कोणी न घेता. दोघांचे आकडे शेजारी ठेवून काही कळत नाही. रात्रीच्या शेवटच्या गोळीनंतर बरोबर बारा तासांनी, सकाळची गोळी घेण्याआधी रक्त काढायचे, अशी शिस्त त्यांनी घालून दिली. जगभरच्या पॅथॉलॉजी लॅब आज हाच नियम पाळतात. पण नियम पाळूनही फसगत होते. आठवडाभर गोळ्या चुकवून आदल्या दोन दिवसांत नीट घेतल्या तरी निकाल देखणा येतो. शिवाय रक्त गोठू नये म्हणून काही नळ्यांत लिथियम हेपारिन घातलेले असते; चुकून त्या नळीत रक्त घेतले तर लिथियम न घेणाऱ्या माणसाच्या रक्तातही लिथियम सापडते.

सत्तरच्या दशकापासून आणखी एक काळजी सोबत आहे. लिथियममुळे मूत्रपिंडाची लघवी घट्ट करण्याची ताकद पुष्कळांत कमी होते. मग तहान लागते, रात्री चार-चार वेळा उठावे लागते. पाणी मिळत आहे तोवर हे निभावते. ऑपरेशनआधी उपाशी ठेवलेल्या, उलट्या होणाऱ्या किंवा बेशुद्ध पडलेल्या माणसाला पाणी मागता येत नाही; लघवी मात्र तशीच वाहत राहते, शरीर कोरडे पडते, गाळणी मंदावते आणि लिथियम चढते. लिथियम चढले की मूत्रपिंड आणखी दमते. मोठी विषबाधा बहुतेक वेळा अशा घसरणीतून होते. एकदम मूठभर गोळ्या खाल्ल्याने होणारी वेगळी. आणि साठीनंतर गाळणी आपोआपच मंदावत जाते, म्हणून चाळिशीत बरोबर असलेला डोस सत्तरीत जास्त ठरतो.

आपल्याकडच्या घरांत या इतिहासाला फार ओळखीची रूपे आहेत. मे महिन्यात विदर्भातल्या लग्नाला जाऊन आलेल्याला जुलाब लागतात. रक्तदाब निघाला म्हणून कोणी एका रात्रीत पापड-लोणचे आणि भाजीतले मीठ बंद करते. गुडघे दुखतात म्हणून मेडिकलच्या दुकानातून चिठ्ठीशिवाय डायक्लोफिनॅक घेतले जाते. हरतालिकेचा निर्जळी उपवास असतो. उपवासांबद्दल एक आश्वासक निरीक्षण आहे : पेशावरच्या डॉक्टरांनी रमजानचे रोजे धरणाऱ्या, लिथियमवर स्थिर असलेल्या रुग्णांची पातळी महिन्याच्या आधी, मध्ये आणि नंतर तपासली, तेव्हा लक्षणीय फरक आढळला नाही. पण ते डॉक्टरांच्या नजरेखालचे, एरवी धडधाकट रुग्ण होते. ताप किंवा जुलाब चालू असताना केलेल्या उपवासाला तो निष्कर्ष लावता येणार नाही. द्विध्रुवीय विकाराच्या गोळ्या आपल्याकडे अनेक जण लपवून घेतात. नेहमीच्या डॉक्टरलाही सांगत नाहीत. इतर औषधांत त्या लपवण्याने लाज राखली जात असेल. लिथियममध्ये त्याने जीव जाऊ शकतो, हे स्पष्ट शब्दांत बोलले गेले पाहिजे.

पातळी नेमकी किती ठेवायची हा वाद अजून पुरता संपलेला नाही. बोस्टनचे ॲलन गेलेनबर्ग आणि सहकाऱ्यांनी १९८९ मध्ये ९४ रुग्णांवरचा अभ्यास छापला : काहींची पातळी ०.८ ते १.० ठेवली, काहींची ०.४ ते ०.६. कमी पातळीवाल्यांत आजार उलटण्याचा धोका २.६ पट निघाला, पण जास्त पातळीवाल्यांना थरथर, जुलाब, वजनवाढ, तोंडाला धातूची चव असे त्रास अधिक झाले. अनेक वर्षे हा अभ्यास वरची पातळी राखण्याचा आधार होता. मग २००२ मध्ये त्याच आकड्यांची फेरतपासणी झाली आणि चित्र थोडे पालटले. ज्यांची पातळी अभ्यासासाठी एकदम खाली आणली गेली त्यांचाच आजार मुख्यतः उलटला होता. पातळी कमी असण्याइतकीच ती अचानक उतरण्याचीही बाधा झाली होती. ट्राउटनर रोजचा ताळेबंद का मांडत होते, हे इथे पुन्हा कळते.

ब्रिटनमधल्या सध्याच्या मार्गदर्शनानुसार पहिल्यांदा लिथियम घेणाऱ्याची पातळी ०.६ ते ०.८ राखतात. डोस बदलला की आठवड्याने रक्त तपासतात, कारण नव्या डोसवर पातळी स्थिरावायला पाचेक दिवस लागतात. पातळी स्थिरावली की पहिले वर्षभर दर तीन महिन्यांनी तपासणी, त्यानंतर दर सहा महिन्यांनी; मूत्रपिंड, थायरॉइड आणि कॅल्शियम यांची तपासणी दर सहा महिन्यांनी. वृद्ध, मूत्रपिंड किंवा थायरॉइड बिघडलेले, लिथियम वाढवणारी दुसरी गोळी चालू असलेले आणि ज्यांची शेवटची पातळी ०.८ किंवा त्याहून जास्त निघाली ते, यांना मात्र तीन महिन्यांचे अंतर पुढेही कायम असते.